गोळ्या कुणाच्या हातच्या

ठमी घरतच्या थुंकीचा दोन महिन्यांनंतरचा रिपोर्ट आला तेव्हा नेत्रानं तो दोनदा वाचला, कुणाला फोन केला नाही आणि स्कूटीची चावी उचलली. आधी फोन केला की घरं तयार होऊन बसतात, हा तिचा अनुभव होता.

जंतू तसेच होते. पहिल्या तपासणीत 'दोन प्लस' आले होते, आताही दोन प्लस. दोन महिने रोज गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या थुंकीत एवढे जंतू सहसा उरत नाहीत. या 'सहसा'कडे नेत्रानं त्या दिवशी लक्ष दिलं नाही.

ती मूळची माणगावची. क्षयरोगाच्या पेशंटांवर देखरेख करण्याच्या नोकरीत तिला बारा वर्षं झाली होती. पहिली नेमणूक तळा गावी. तिथे सदा नावाचा एक शिंपी तिचा पेशंट होता, हसरा, बोलका. 'गोळ्या झाल्या का?' असं विचारलं की 'केव्हाच' म्हणायचा आणि नेत्राला ते खरं वाटायचं. तो वारला, त्यानंतर त्याच्या बायकोनं शिलाई मशीनचा खण उघडून दाखवला. बटणांच्या डब्यात खाली एकोणसत्तर गोळ्या होत्या. तेव्हापासून घरचे काय सांगतात ते नेत्रा ऐकून घ्यायची, पण खरं मानायची नाही. आणि त्यामुळे तिचे पेशंट बरे व्हायचे. जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये तिचं नाव चांगलं निघायचं.

कोपरखार हे गाव खाडीच्या बांधाला लागून आहे. एके काळी भोवती मिठागरं होती, आता गोदामं आहेत. ठमीचं अर्धं आयुष्य डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहण्यात गेलं. नवरा रामचंद्र जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मुलगा दिपेश स्वतःचा ट्रेलर चालवायचा, न्हावाशेव्याहून कंटेनर उचलायचा आणि महिन्यातले वीस दिवस गुजरात, नाहीतर इंदूरच्या रस्त्यावर असायचा. म्हणजे घरात तिघी: ठमी, तिची सून अमिषा आणि तीन वर्षांची नात प्राप्ती. सासूच्या गोळ्यांची जबाबदारी अमिषानं घेतली होती. तशी सही तिनं नेत्रासमोरच केली होती.

अमिषा पिठाच्या हातांनी दारात आली. "या मॅडम. आज तारीख नव्हती ना?"

"नव्हती," नेत्रा म्हणाली. "गोळ्या दाखव."

अमिषानं हात धुतले आणि कपाटावरून एक पत्र्याचा डबा काढला. उरलेल्या गोळ्या एका बाजूला, संपलेली पाकिटं दुसऱ्या बाजूला. रिकाम्या पाकिटांवर बॉलपेननं तारखा घातलेल्या आणि आठ-आठ दिवसांना एक रबर लावलेला. रोज तीन गोळ्या. नेत्रानं सगळं मोजलं. एकही गोळी कमी नव्हती, एकही जास्त नव्हती.

हेच तिला खटकलं. बारा वर्षांत इतकं चोख तिनं कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं. आणि रिकामं पाकीट नुसतं रिकामं असतं. त्यातली गोळी पोटात गेली की मोरीत, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

"एकही दिवस चुकला नाही?"

"नाही."

"प्राप्तीची गोळी?"

घरात क्षयाचा पेशंट असला की लहान मुलाला आजार लागू नये म्हणून रोज एक छोटी गोळी देतात. तेही पाकीट अमिषानं दाखवलं. "हिची एक दिवस राहिली. ताप होता तिला, सगळं उलटून टाकत होती. दुसऱ्या दिवशी दिली."

लेकीची एक गोळी चुकल्याचं लगेच सांगते आणि सासूची साठ दिवसांत एकही चुकत नाही. नेत्रानं हे मनात टिपून ठेवलं. मग तिनं घरावरून नजर फिरवली. सासूचं ताट फडताळात वेगळं होतं, पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशची खूण होती. ताटवाटीतून क्षय पसरत नाही, हे तिनं पहिल्याच भेटीत समजावलं होतं. तेवढ्यात प्राप्ती आजीच्या खोलीकडे धावली, तशी अमिषानं तिला दंडाला धरून मागे ओढलं. जरा जोरातच ओढलं.

"मला मावशींशी बोलायचंय," नेत्रा म्हणाली. "तू बाहेर थांब."

ठमी खिडकीशी खाटेवर बसली होती. खिडकी उघडी ठेवा, हेही नेत्रानंच सांगितलेलं. वजनकाट्यावर उभं केलं तर ठमीचं वजन एक्केचाळीस किलोवरून साडेएकोणचाळीसवर आलं होतं.

"मावशी, गोळ्या कोण देतं?"

"सून."

"रोज?"

"रोज. सकाली, चायच्या आदी."

"तुमच्यासमोर पाकीट फोडते?"

ठमी आठवू लागली. "न्हाय. वाटीत घेऊन येते."

"म्हणजे आतून फोडून आणते."

"व्हय."

"वाटीत तीनच असतात? नक्की?"

"तीनच आसंल. मना चष्म्याबिगर कुठं दिसतंय?"

नेत्रानं आवाज खाली आणला. "उद्यापासून गावच्या आशा कार्यकर्त्या रंगूताई येतील. त्यांच्याच हातून गोळ्या घ्यायच्या. सुनेच्या हातून नको."

ठमीनं तिच्याकडे पाहिलं. "का बरं?"

"खात्री होईपर्यंत."

"कसली खात्री?"

नेत्रा गोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आली. अमिषा ओटीवर लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं डब्याकडे पाहिलं.

"मी देत नाही, असं वाटतं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. रिपोर्ट खराब आलाय."

"मग औषध बदला. माणूस कशाला बदलता?"

हे बोलणं नेत्राला उद्धट वाटलं. ती डबा घेऊन निघाली.

रिपोर्ट असा आला की त्याच आठवड्यात पेशंटची थुंकी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची, कोणतं औषध लागू पडत नाही ते तपासायला, असा नियम होता. नेत्रानं ती पाठवली नाही. आधी पंधरा दिवस गोळ्या खरोखर पोटात जाऊ देत, मग बघू, असं तिनं ठरवलं. कारण तिला सापडलंय, अशी तिची पक्की समजूत होती.

रंगूताई कोपरखारचीच. चार दिवसांनी तिनं फोन केला. "मॅडम, ठमीबाय सुनेच्या हातचं जेवत न्हाय आता. पडवीत येगली चूल मांडलीय. येकटीच भात शिजवते."

"का?"

"तुमीच बोललाव ना, सुनेच्या हातून नको म्हनून."

"गोळ्यांबद्दल बोलले मी."

"तिनं तेच धरलं. बोलते, गोल्या देत नव्हती तर भातात काय घालत व्हती कुनास ठाव. गावात पन बोलनं चाललंय."

नेत्राला वाईट वाटलं, पण फार नाही. तिला सदाची बायको आठवली, तो उघडा खण आठवला. खरं बाहेर येताना घर थोडं हलणारच, असं ती स्वतःशी म्हणाली.

त्या शनिवारी दिपेश घरी आला. नाक्यावर ट्रेलर लावेपर्यंतच तिघांनी त्याला बातमी सांगितली होती. पुढचं नेत्राला रंगूकडून कळलं. त्यानं आरडाओरड केली नाही, हातही उचलला नाही. जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि बायकोला एकच विचारलं, "तू आयेला गोल्या देत व्हतीस ना?"

अमिषानं उत्तर दिलं नाही. भांडी घासली, प्राप्तीचे कपडे पिशवीत भरले आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं माहेरी किहीमला निघून गेली. दिपेश फोन करत राहिला, तिनं उचलला नाही.

चूक नसलेलं माणूस असं निघून जातं का? नेत्राच्या मनात आलं. जे असेल ते तोंडावर सांगेल. नाही सांगत, म्हणजे काहीतरी आहे.

पंधरा दिवस झाले. नेत्रा तपासायला गेली तेव्हा ठमीचं वजन अडतीस होतं आणि रुमालावर रक्ताचा डाग होता.

आता सून नव्हती. गोळ्या रंगू देत होती. नेत्रा परत येताना खाडीच्या पुलावर थांबली. रंगूकडे चार गावांतली कामं, बाळंतपणं, लसीकरण. ती रोज सकाळी खरंच जात असेल का? की दारातून हाक मारून रजिस्टरवर सही करत असेल? एकदा हा विचार आला आणि मग जाईना. दुसऱ्या दिवशी तिनं रंगूला सांगितलं, "आठवडाभर मीच देते."

"माज्यावर पन भरवसा न्हाय का मॅडम?" रंगूनं विचारलं. ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

नेत्रा रोज सकाळी साडेसातला कोपरखारला जाऊ लागली. ठमीसमोर पाकीट फोडायची, तीन तांबड्या गोळ्या तिच्या तळहातावर ठेवायची, पाणी द्यायची, तोंड उघडायला लावायची, जीभ वर करायला लावायची आणि मग पंधरा मिनिटं तिथेच बसायची. तिसऱ्या दिवशी तशी बसलेली असताना ठमी मोरीतून परत आली आणि पदराला हात पुसत खाटेवर टेकली.

"मॅडम, येक इचारू?"

"विचारा."

"तुमी गोल्या देता तवा लघवी तांबडी व्हते. रंगू देत व्हती तवा पन व्हायची. अमिषा देत व्हती तवा पन तशीच व्हायची. मंग फरक काय झाला?"

नेत्रानं पिशवी बाजूला ठेवली. "अमिषा देत होती तेव्हापासून?"

"पयल्या दिसापासून. मी तर घाबरलेली, रगात जाते वाटलं. तिनंच सांगितलं, औषदानं व्हते, भिऊ नका."

"रोज व्हायची?"

"रोज. मधी खंड न्हाय."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी कुठं इचारलं?" ठमी सहज म्हणाली.

लघवी तांबडी होते ती रिफाम्पिसिन नावाच्या औषधानं. गोळी पोटात गेल्यावर दिवसभरात रंग दिसतो, दोन दिवस गोळी बंद झाली की जातो. हे नेत्रा नव्या मुलींना ट्रेनिंगमध्ये शिकवायची. आणि त्या तांबड्या गोळीत चारही औषधं एकत्र होती. एक पोटात गेलं म्हणजे चारही गेली. दोन महिने, रोज.

ती तिथून थेट तालुक्याला गेली.

तालुक्याच्या क्षयरोग अधिकाऱ्यांचं नाव डॉ. कमलेश वर्तक. हळू बोलणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुरुवातीलाच नमुना गेला असेल ना, औषधं लागू पडतात की नाही ते बघायला? त्याचं काय झालं?"

"पाठवला होता, सर. रिफाम्पिसिनचा रिपोर्ट लगेच आला, ते औषध चालतंय. बाकीचा यायचा होता."

"आला?"

नेत्रानं कॉम्प्युटरवर ठमीचं पान उघडलं. नऊ आठवड्यांपूर्वीची नोंद होती: नमुना अपुरा, पुन्हा पाठवा. ती नोंद तिनं उघडलीच नव्हती. पेशंट बरी होत असेल, असं गृहीत धरलं होतं. आणि बरी होत नाही म्हटल्यावर सुनेला धरलं होतं.

वर्तकांनी स्वतः फॉर्म भरला आणि त्याच दुपारी नवा नमुना पाठवला.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. वर्तकांनी तिला समोर बसवून तो वाचून दाखवला. रिफाम्पिसिनला जंतू दाद देत होता. आयसोनायझिडला देत नव्हता.

"म्हणजे त्या चारांतलं एक औषध पहिल्या दिवसापासून वाया जात होतं," ते म्हणाले. "आणि तेच सगळ्यात जोरकस. सुरुवातीला जंतूंची संख्या झपाट्यानं खाली आणणारं."

"पण सर, औषध तर पोटात जात होतं."

"जात होतं. पण आयसोनायझिड पोटात जातं तेव्हा ते विष नसतंच. गंमत तिथेच आहे." त्यांनी रिपोर्टच्या पाठीवर पेननं एक लांबट आकार काढला. "हा जंतू. आपल्या पांढऱ्या पेशी याला मारायला याच्यावर पेरॉक्साइड सोडतात. त्यातून वाचायला त्याच्याकडे एक एन्झाइम आहे, ते पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतं. आपलं औषध जंतूच्या आत गेलं की तेच एन्झाइम त्याच्यावरही काम करतं आणि त्याचं विष बनवतं. मग ते विष जाऊन दुसऱ्या एका एन्झाइमला बंद पाडतं, जंतूची भिंत बांधणाऱ्या. भिंत बांधता आली नाही की जंतूला वाढता येत नाही, तो फुटतो."

"आणि हा?"

"याच्या पहिल्या एन्झाइममध्ये एक बारीक बदल झालाय. एका ठिकाणी, एका कणाचा. पेरॉक्साइडशी त्याचं अजून बऱ्यापैकी जमतं, म्हणून तो जिवंत राहतो. पण औषधाचं विष करणं जमत नाही. औषध आत जातं आणि तसंच पडून राहतं."

नेत्रा त्या आकाराकडे बघत राहिली. "हा बदल त्यांच्याच शरीरात झाला असेल का? गोळ्या चुकल्यामुळे?"

"तुम्ही अजून तेच शोधताय," वर्तक शांतपणे म्हणाले. "जंतू बहुधा असाच आलेला, आधीच बदललेला. कधी आला ते कोण सांगणार? हा फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस लागतो. आणि परिस्थिती वाईट असली तर एन्झाइमांच्याच जोरावर आपला कारभार आणखी मंद करतो आणि वर्षानुवर्षं पडून राहतो. घरात पूर्वी कुणाला खोकला होता?"

नवरा, नेत्राला आठवलं. रामचंद्र. दमा म्हणून गेला, असं ठमी सांगायची. कुणा खाजगी डॉक्टरकडे इंजेक्शनं घ्यायचा, बरं वाटलं की सोडायचा.

"औषध बदलू," वर्तक म्हणाले. "आयसोनायझिडऐवजी लिव्होफ्लॉक्सासिन. सहा महिने. आणि ती लहान मुलगी... तिला काय चालू आहे?"

नेत्रानं रिपोर्ट स्वतःकडे ओढला. "आयसोनायझिड," ती म्हणाली. "एकटंच."

त्याच संध्याकाळी ती ठमीकडे गेली. सोपं करून सगळं सांगितलं: औषधातला एक भाग जंतूला लागत नव्हता, गोळ्या पोटात जात होत्या, अमिषानं एकही दिवस चुकवला नव्हता. ठमी ऐकत होती. एन्झाइमचं तिला किती कळलं कुणास ठाऊक, पण शेवटचं वाक्य कळलं.

"म्हंजे ती देत व्हती."

"देत होती."

"वाटीत तीनच असायच्या."

"हो मावशी. तीनच."

ठमी पडवीतल्या चुलीकडे बघत बसली. मग म्हणाली, "तिच्या हातचा भात मी कुत्र्याला घातला, मॅडम. तिच्यासमोर."

दिपेशला फोन लावला तेव्हा तो वापीच्या पुढे कुठेतरी होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, मागून रस्त्याचा आवाज येत होता. "मी तिला एकच वाक्य इचारलं व्हतं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नेत्रा किहीमला गेली. अमिषाच्या वडिलांची नारळाची वाडी होती आणि वाडीत पर्यटकांना द्यायच्या चार खोल्या. अमिषा त्यातली एक झाडत होती. प्राप्ती पायरीवर बसून शंख-शिंपले मांडत होती. नेत्रानं आधी मुलीकडे पाहिलं: खोकत नव्हती, गाल भरलेले होते.

अमिषानं झाडू भिंतीला टेकवला. बसा म्हणाली नाही.

"रिपोर्ट आला," नेत्रा म्हणाली. "मावशींचा जंतू एका औषधाला दाद देत नाही. पहिल्यापासूनच. तुझी काही चूक नव्हती. चूक माझी झाली. नमुना परत पाठवायचा राहिला, तोही माझ्याकडून."

"रिपोर्ट दाखवा."

नेत्रानं कागद दिला. अमिषानं तो सुरुवातीपासून वाचला, न समजलेल्या ठिकाणी परत वाचला. "दाद देत नाही म्हणजे काय? कसं?"

नेत्रानं वर्तकांनी सांगितलेलं तिला सांगितलं. एन्झाइम म्हटल्यावर अमिषा म्हणाली, "विकर. बारावी सायन्सला होतं आम्हाला." मग ती एकदम थांबली. तिनं कागदावर बोट ठेवलं. "हे आयसोनायझिड. प्राप्तीच्या पाकिटावर हेच नाव आहे."

"हो."

"मी रोज देतेय तिला. इथे आल्यावरसुद्धा."

"म्हणूनच आज आले. तिचा उद्या एक्स-रे काढायचा अलिबागला. मी बरोबर येते. मग तिचंही औषध बदलायचं, रिफाम्पिसिन द्यायचं."

अमिषा पायरीवर लेकीशेजारी बसली. रडली नाही. मुलीच्या पाठीवर हात ठेवून ती समोरच्या नारळांकडे बघत राहिली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "सासूची गोळी मी टाकून देते, असं तुम्हाला वाटलं. आणि तेवढ्यात माझ्या पोरीला काही उपयोग न होणारी गोळी चालू होती. ते कुणी बघितलं नाही."

"नाही बघितलं."

"नवीन औषध चालेल कशावरून?"

"या जंतूवर ते चालतं, असं याच रिपोर्टमध्ये आहे. इथे खाली." नेत्रानं ओळ दाखवली. "एक्स-रे चांगला आला तरी दोन वर्षं तिच्यावर लक्ष ठेवावं लागेल. ते मी लपवणार नाही."

अमिषानं ती ओळ वाचली. "मला इथे येऊन सांगितलंत, बरं केलंत. पण त्याचा मला काय उपयोग? बोललात तुम्ही कोपरखारला. तिथे सांगा, रंगूताईसमोर, सगळ्या बायकांसमोर. नाव घेऊन सांगा."

"सांगते."

"आणि दिपेशला म्हणावं, फोन करू नको. मी करीन तेव्हा करीन."

प्राप्तीचा एक्स-रे स्वच्छ आला. चार महिन्यांचं नवं औषध सुरू झालं. पहिल्या आठवड्यात अमिषानं नेत्राला तीनदा फोन केला: गोळी कोणत्या कंपनीची, ती काय करते, लघवीचा रंग किती गडद हवा. प्रत्येक वेळी नेत्रानं उत्तर दिलं, माहीत नव्हतं तेव्हा वर्तकांना विचारून दिलं.

पुढच्या गुरुवारी कोपरखारच्या अंगणवाडीत लसीकरण होतं. पंचवीस-तीस बायका होत्या. नेत्रा उभी राहिली आणि बोलली. ठमी घरतच्या सुनेनं, अमिषानं, एकही गोळी चुकवली नव्हती. दोष औषधाला न जुमानणाऱ्या जंतूचा होता. आणि संशय घेतला तो मी, तो चुकीचा होता. मग तिनं रंगूकडे वळून म्हटलं, "आणि रंगूताईंवरही घेतला." रंगू खाली बघून लसीचा डबा पुसत राहिली.

मागून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल अशी, "आता मॅडम सुनेला सांभालून घेते." दुसरी म्हणाली, "नायतर सरकारी औषदच खोटं आसंल." नेत्रानं दोघींनाही परत समजावलं. दोघींनी माना हलवल्या. त्यांना पटलं की नाही, ते तिला कळलं नाही.

नव्या औषधावर पाचव्या आठवड्यात ठमीची भूक परतली. दोन महिन्यांनी थुंकी स्वच्छ आली, आणि ती आल्यावर चार दिवसांनी ठमी दिपेशला घेऊन किहीमला गेली. नेत्राला हे नंतर दिपेशनं सांगितलं. म्हातारी सकाळपासून दुपारपर्यंत वाडीच्या पायरीवर बसून होती. अमिषानं चहा दिला, जेवायला वाढलं. ठमी म्हणाली, "माजं चुकलं." अमिषा म्हणाली, "गोळ्या पूर्ण करा. मधे सोडू नका." बाकी बोलणं झालं नाही. अमिषा परतही आली नाही.

ती आली जूनमध्ये, प्राप्तीला अंगणवाडीत घालायचं होतं तेव्हा. तोवर मुलीचं औषध संपलं होतं.

ऑगस्टमध्ये ठमीचा शेवटचा रिपोर्ट घेऊन नेत्रा गेली. जंतू नव्हते. वजन पंचेचाळीस. पडवीतली चूल मोडलेली होती, तिथे दिपेशनं ट्रेलरचे जुने टायर रचून ठेवले होते. अमिषानं रिपोर्ट हातात घेऊन सगळा वाचला आणि मगच सासूला दिला.

"अजून कुणी बोलतं का तुला?" नेत्रानं विचारलं.

"बोलतात. परवा दुकानात एकीनं विचारलं, खरंच देत होतीस का म्हणून."

"मग?"

"काय मग? साखर घेतली आणि आले." अमिषा विळीवर मासळी साफ करायला बसली. थोड्या वेळानं मान वर न करता तिनं विचारलं, "सासऱ्यांचाच होता का हो तो जंतू?"

"आता कळायचं नाही. असेलही."

"तरी आई म्हणतात, तू या घरात आलीस तेव्हापासून आजार आला." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हती.

चहा टाकायला आत गेलेल्या ठमीचा आवाज आला, "आता न्हाय बोलत मी तसं."

"आता नाही बोलत," अमिषा म्हणाली आणि एक बांगडा पाण्यात टाकला. "मॅडम, पुढच्या वेळी प्राप्तीच्या तपासणीला तुम्हीच येणार की दुसरं कोणी?"

"मीच."

"मग येताना त्या औषधांची माहिती लिहिलेलं काही असेल तर आणा. मला वाचायचंय."

नेत्रानं हो म्हटलं. चहा अजून आला नव्हता. ती ओटीवर बसून राहिली.